स्टाइनबेक वाचताना कासवापाशी का अडायला होते

तुम्ही लिहिले आहे की अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी तुम्ही दोनदा हातात घेतली आणि दोन्ही वेळा तिसऱ्या प्रकरणात, रस्ता ओलांडणाऱ्या कासवापाशी, मिटून ठेवली. पुढे तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: मधली गोष्टीबाहेरची प्रकरणे गाळून वाचले तर चालेल का, स्टाइनबेकची पुस्तके कोणत्या क्रमाने घ्यावीत, आणि जो स्वतः मजूर नव्हता त्याला श्रमिकांचा कादंबरीकार का म्हणायचे. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात सुमारे तीस वर्षे इंग्रजी साहित्य शिकवले. त्यांपैकी बरीच वर्षे स्टाइनबेक अभ्यासक्रमात होता, त्यामुळे कासवापाशी थांबलेले वाचक मला नवे नाहीत. दरवर्षी निम्मा वर्ग तिथेच थांबत असे.

माझ्या अनुभवाने अडचण कासवाची नसते, अपेक्षेची असते. जमीन गेल्यामुळे ओक्लाहोमाहून कामाच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेल्या जोड नावाच्या कुटुंबाची गोष्ट वाचायची म्हणून आपण पुस्तक उघडतो, आणि पुस्तक मात्र वेगळ्याच प्रश्नामागे लागलेले असते: दिवसभर राबणाऱ्या माणसाचे त्या दिवसाच्या मजुरीत पोट का भरत नाही? हा प्रश्न स्टाइनबेक दोन अंतरांवरून मांडतो. एकदा दुरून, जिथे कुणाला नाव नसते आणि फक्त व्यवहार दिसतो, आणि एकदा जवळून, जिथे तोच व्यवहार जोड कुटुंबाच्या चुलीपर्यंत पोहोचतो. कादंबरीत एकूण ३० प्रकरणे आहेत. त्यांतली १६ दुरून लिहिलेली आहेत आणि १४ जोड कुटुंबाची. हे एकदा लक्षात आले की मधली प्रकरणे वाटेतला अडथळा वाटेनाशी होतात.

तरीही काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, हे आधी सांगायला हवे. इंग्रजी पुस्तके तुम्ही सरावाने वाचत असाल तर पुढचा क्रम एक असेल, आणि पात्रांच्या तोंडची ओक्लाहोमाची बोली डोळ्यांना खुपत असेल तर दुसरा. ही बोली उच्चाराप्रमाणे लिहिलेली असल्यामुळे पाठ्यपुस्तकातले इंग्रजी शिकलेला आपल्याकडचा वाचक पहिल्या पन्नास पानांत थकून जातो. त्यावर मला एकच उपाय सापडला, तो म्हणजे संवाद मोठ्याने वाचणे. कानाला जे पटकन कळते ते डोळ्यांना कळत नाही. वर्गात मी दोघांना उभे करून जोड कुटुंबातला मुलगा टॉम आणि त्यांच्यासोबत निघालेला माजी प्रवचनकार केसी यांचे संभाषण वाचायला लावत असे, आणि दहा मिनिटांत शब्दकोशाची मागणी थांबत असे.

आता मुख्य मुद्दा. तिसऱ्यांदा पुस्तक उघडाल तेव्हा शेजारी एक वही ठेवा आणि त्यात कादंबरीतला प्रत्येक पैसा लिहून काढा. ही युक्ती मला ओघाने सापडली. प्रतीके शोधण्याचा आणि कासव म्हणजे काय, द्राक्षे म्हणजे काय अशी उत्तरे लिहून घेण्याचा मला कंटाळा आला होता, म्हणून एका वर्षी मी विद्यार्थ्यांना फक्त जमाखर्च मांडायला सांगितला. तो मांडता मांडता कादंबरीच उलगडत गेली. घरातली हलवता येण्यासारखी प्रत्येक वस्तू विकून जोड कुटुंबाच्या हाती १८ डॉलर येतात. जुनी हडसन गाडी ७५ डॉलरला पडते. निघताना जवळ १५४ डॉलर असतात, आणि माणसे इतकी की ती गाडीत कशी बसली याचे आश्चर्य वाटावे. आता याच्या शेजारी सातवे प्रकरण ठेवा, ज्यात जोड कुटुंबाचा उल्लेखही नाही. तिथे जुन्या गाड्यांचा एक व्यापारी बोलतो आहे, आणि खडखडणाऱ्या गियरमध्ये लाकडाचा भुसा भरून आवाज कसा दाबायचा हे आपल्या माणसाला सांगतो आहे. हे वाचलेले असेल तर पुढच्या दोनशे पानांत जोड कुटुंबाच्या गाडीचा प्रत्येक बारीक आवाज तुमच्या पोटात गोळा आणतो. ते प्रकरण गाळले तर उरतो तो केवळ प्रवास.

सोळाव्या प्रकरणात कॅलिफोर्नियाहून परत निघालेला एक फाटका माणूस भेटतो. जोड कुटुंबाच्या खिशात फळतोडणीसाठी माणसे हवी असल्याचे एक छापील पत्रक आहे आणि त्यांची सगळी आशा त्या कागदावर उभी आहे. हा माणूस त्यांना हिशेब समजावतो. मालकाला माणसे हवीत आठशे, तो पत्रके छापतो पाच हजार, आणि ती बघतात कदाचित वीस हजार लोक. मजुरी कशी पाडली जाते याचे यापेक्षा सुटसुटीत स्पष्टीकरण मी अर्थशास्त्राच्या पुस्तकातही वाचलेले नाही. पत्रकात एकही शब्द खोटा नाही, हे लक्षात घ्या. स्टाइनबेकच्या कथेत दुष्ट माणसे फार थोडी आहेत, कारण बहुतेक काम आकडेच करून जातात.

विसाव्या प्रकरणात बेघरांच्या वस्तीवर एक कंत्राटदार येतो. फ्लॉइड नावाचा मजूर त्याच्याकडे परवाना दाखवण्याची आणि मजुरीचा दर कागदावर लिहून देण्याची मागणी करतो, तेव्हा सोबतचा डेप्युटी शेरीफ त्यालाच चिथावणीखोर ठरवून पकडू पाहतो. बाविसाव्या प्रकरणात थॉमस नावाचा लहान शेतकरी टॉमला खरे कारण सांगतो. तो तासाला ३० सेंट देत होता आणि ते त्याला परवडतही होते, पण शेतकरी संघटनेने २५ सेंटांचा दर ठरवला आहे आणि त्या संघटनेमागे बँक आहे. त्याने जास्त मजुरी दिली तर पुढच्या वर्षी त्याला पीककर्ज मिळणार नाही. म्हणजे मजुरी कापणारा माणूसही कुणाच्या तरी मुठीत आहे. याचे बीज पाचव्या प्रकरणात पडलेले दिसेल. तिथे दिवसाला तीन डॉलर मजुरीवर ट्रॅक्टर चालवणारा शेजाऱ्याचाच मुलगा कुळाचे घर पाडायला आलेला असतो. आपण गोळी नेमकी कुणाला घालायची, या त्या कुळाच्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही, कारण बोट ड्रायव्हरकडून बँकेकडे आणि बँकेकडून पूर्वेकडच्या आणखी कुणाकडे सरकत राहते.

आणि मग सव्विसावे प्रकरण. पीचच्या एका पेटीला ५ सेंट म्हणजे वीस पेट्यांना एक डॉलर, आणि फळ दबले असेल तर पेटीच बाद. संध्याकाळी मा जोड एक डॉलरची चिठ्ठी घेऊन मळ्यावरच्या दुकानात जाते, आणि तिथले भाव बाहेरच्यापेक्षा चढे असतात. मांस, बटाटे, पाव, कॉफी घेता घेता डॉलर संपतो आणि साखरेला १० सेंट उरत नाहीत. दुकानातला कारकून नोकरी जाईल या भीतीने उधार देऊ शकत नाही, म्हणून शेवटी स्वतःच्या खिशातले १० सेंट गल्ल्यात टाकतो. हे वाचताना एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ही तर उचलच झाली.” तिचे आईवडील ऊसतोडीला जात. मी तिला म्हटले की अगदी तसे नाही. मुकादमाची उचल हंगामाच्या आधी हातात पडते आणि माणसाला बांधून ठेवते, इथे काम आधी आहे आणि दुकान नंतर. ती क्षणभर विचार करून म्हणाली, “पण पैसा फिरून तिथंच जातो ना?” त्या प्रकरणावर मी त्यानंतर फार काही शिकवले नाही.

तेव्हा मधली प्रकरणे गाळावीत का? गंमत अशी की वाचक पाने गाळतात हे स्टाइनबेकला पक्के ठाऊक होते. १९५४ सालच्या ‘स्वीट थर्सडे’च्या सुरुवातीला मॅक नावाचे पात्र तक्रार करते की लेखकाला सुंदर सुंदर लिहिण्याची हौस असेल तर त्याने ती वेगळी काढून ठेवावी, म्हणजे ज्याला नको त्याला ती टाळता येईल. अशा लिखाणाला तो ‘हूपटेडूडल’ म्हणतो, आणि त्या कादंबरीत तशी दोन प्रकरणे खरोखरच त्या नावाने वेगळी काढलेली आहेत. म्हणून मीही सोवळे पाळत नाही. चौदाव्या प्रकरणात लेखक प्रवचनाला बसतो असे माझे मत आहे, आणि पंचविसाव्याचा शेवट मला आवाज चढवलेला वाटतो, जरी पुस्तकाच्या नावातली द्राक्षे तिथेच पिकतात. ही दोन तुम्ही भराभर वाचली तरी मी रागावणार नाही. पण पाचवे, सातवे आणि पंधरावे सोडू नका.

पंधराव्याबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण ते वेगळी कथा म्हणूनही उभे राहील. ६६ क्रमांकाच्या महामार्गावर एक खाणावळ आहे, तिथे मे नावाची बाई गल्ल्याशी उभी असते आणि अल तव्याशी. एक स्थलांतरित माणूस दोन मुलांना घेऊन आत येतो आणि १० सेंटांचा पाव मागतो. पाव १५ सेंटांचा असतो. मे आधी नाही म्हणते, मग अल आतून ओरडतो म्हणून सगळा पाव १० सेंटांत देते. मुले काचेखालच्या मिठाईकडे बघत असतात. ती एका सेंटला दोन आहे असे सांगून मे त्यांना देते, आणि ते गेल्यावर एक ट्रकवाला म्हणतो की तिची किंमत तर एका नगाला ५ सेंट होती. ट्रकवाले जाताना तिच्यासाठी बरीच जास्त नाणी ठेवून जातात. इथेही सगळे आकडेच आहेत, फक्त ते उलट्या दिशेने चाललेले आहेत, आणि कुणीही कुणाला चांगुलपणाचे श्रेय देत नाही. कासवाचे प्रकरण वाचायची इच्छाच होत नसेल तर आधी हे वाचा आणि मग मागे जा. तिथे एक बाई कासवाला चुकवण्यासाठी गाडी वळवते आणि एक ट्रकवाला त्याला उडवण्यासाठी. कवचात अडकलेला जंगली ओटचा दाणा रस्त्यापलीकडे पडतो, आणि कासव पुढे सरकताना त्याच्यावर माती ओढली जाते. प्रकरण तीन-चार पानांचे आहे, आणि अर्थ लावण्याची घाई केली नाही तर ते मुळीच जड नाही.

क्रमाबद्दल माझे मत तसे सरळ आहे. प्रारंभ १९३७ सालच्या ‘ऑफ माइस अँड मेन’ने करावा. ती दोन बैठकांत संपते, आणि रंगमंचावर नेता यावी अशाच बेताने लिहिलेली असल्यामुळे जवळजवळ सगळी संवादांतून पुढे सरकते. त्याच वर्षी ती न्यू यॉर्कला रंगमंचावर आलीही. लेनी आणि जॉर्ज या दोन भटक्या शेतमजुरांच्या स्वतःच्या जमिनीच्या स्वप्नाबद्दल सगळे लिहितात, पण तिथेही वही काढा. ती जागा ६०० डॉलरला मिळणार असते आणि दोघांकडे मिळून जेमतेम १० डॉलर असतात, म्हणून ते स्वप्न निजताना सांगायच्या गोष्टीसारखे निरुपद्रवी असते. मग म्हातारा कँडी आपले ३५० डॉलर घालायला तयार होतो. त्यात दोघांचा महिन्याचा पगार प्रत्येकी ५० डॉलर धरला की ४५० होतात, आणि पहिल्यांदाच ती गोष्ट खरी होण्याच्या टप्प्यात येते. आता कँडीकडे एवढे पैसे कुठून आले ते बघा. त्याच मळ्यावर हात गेला म्हणून त्याला २५० डॉलर भरपाई मिळालेली आहे. त्या स्वप्नाच्या भांडवलातला सगळ्यात मोठा वाटा म्हणजे एक तुटलेला हात आहे, हे ध्यानात आल्यावर पुढच्या शोकांतिकेकडे बघण्याची नजर बदलते. ती केवळ लेनीच्या मंदबुद्धीमुळे किंवा मालकाचा मुलगा कर्ली याच्या बायकोमुळे घडते, असे मग म्हणवत नाही.

त्यानंतर १९३६ सालची ‘इन ड्युबियस बॅटल’ घ्यावी, जिच्याकडे आपल्याकडे फारसे कुणी वळत नाही. सफरचंदाच्या बागांतला संप हा तिचा विषय आहे, आणि संप उभा करणारे कार्यकर्ते तिथे देव नाहीत. शिडीवरून पडलेला म्हातारा असो की स्वतःच्या सोबत्याचे प्रेत, जे हाती येईल ते त्यांच्यातला मॅक (‘स्वीट थर्सडे’तला नव्हे) चळवळीसाठी वापरतो, आणि स्टाइनबेक त्याला शाबासकीही देत नाही आणि दोषही देत नाही. चळवळीत काही वर्षे घालवलेल्या माझ्या एका सहकाऱ्याला ही कादंबरी फार लागली होती. यानंतर मोठी कादंबरी हाती घ्या, म्हणजे पीचच्या मळ्याबाहेर संपकरी का उभे आहेत हे तुम्हाला जोड कुटुंबाच्या आधी कळलेले असेल. ‘द पर्ल’ लहान आहे म्हणून अनेक जण तिच्यापासून सुरुवात करायला सांगतात. मला ती जरा घोटीव वाटते, पण सगळे मोती-व्यापारी एकाच मालकाचे नोकर असून वेगवेगळे भाव सांगण्याचे नाटक करतात, तो प्रसंग चुकवू नये. ‘कॅनरी रो’ थकव्यानंतर वाचावी. ‘ईस्ट ऑफ ईडन’ हा वेगळाच व्याप आहे, तो तुमच्या प्रश्नात बसत नाही.

१९४० साली जॉन फोर्डने केलेला चित्रपट कादंबरीआधी पाहू नये, असे मी आवर्जून सांगते. चित्रपट उत्तम आहे, पण त्यात पीचचा मळा आधी येतो आणि स्वच्छ सरकारी छावणी नंतर, तर कादंबरीत छावणी आधी आहे. प्रसंग जवळपास तेच आहेत, पण एवढ्या अदलाबदलीने गोष्ट आशेकडे चढू लागते. पुस्तकात ती उतरत जाते, कारण छावणीत आठवड्याला एक डॉलर देऊन किंवा तेवढे काम करून माणसासारखे राहता येते, पण आसपास रोजगार नसतो, आणि नुसत्या स्वच्छतेवर पोट भरत नाही.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. स्टाइनबेक १९०२ साली कॅलिफोर्नियातल्या सॅलिनसला जन्मला. वडील पुढे काउंटीचे खजिनदार झाले, आई शिक्षिका होती. तरुणपणी त्याने साखर कंपनीच्या शेतांवर काम केले आणि न्यू यॉर्कला बांधकामावर सिमेंट वाहिले, पण हवे तेव्हा परत जायला त्याला घर होते, आणि जोड कुटुंबात आणि त्याच्यात तेच अंतर आहे. म्हणून तो आतला माणूस नव्हता, हे मान्य करूनच पुढे जावे. जे त्याला उपजत मिळाले नाही ते त्याने पायपीट करून मिळवले. १९३६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकासाठी त्याने स्थलांतरित मजुरांवर सात लेख लिहिले, आणि त्या वेळी आर्विनच्या सरकारी छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स त्याला भेटला. कॉलिन्स छावणीतल्या लोकांच्या बारीकसारीक नोंदी ठेवत असे, आणि त्या स्टाइनबेकला फार उपयोगी पडल्या. कादंबरीच्या दोन अर्पणांपैकी एक त्याला आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत विसेलियाजवळ पुरात अडकलेली उपाशी कुटुंबे स्टाइनबेकने पाहिली, आणि शेवटच्या प्रकरणांतला पाऊस तिथून आला. मधल्या काळात सॅलिनसच्या संपावर लिहिलेले एक उपरोधिक हस्तलिखित त्याने स्वतःच नष्ट केले. मग मे ते ऑक्टोबर १९३८ या पाच महिन्यांत ही कादंबरी लिहिली, आणि ती १९३९ च्या एप्रिलमध्ये आली. ज्या कर्न काउंटीत जोड कुटुंब पोहोचते तिथल्याच प्रशासनाने त्याच ऑगस्टमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांतून तिला हद्दपार केले.

पण बाहेरून बघणाऱ्याच्या नजरेतून काही निसटतेही. सॅलिसॉ हे जोड कुटुंबाचे गाव ओक्लाहोमाच्या पूर्व टोकाला आहे, आणि कादंबरी ज्या धुळीच्या वादळांनी सुरू होते त्यांचा मुख्य पट्टा त्याच राज्याच्या पश्चिमेला दूरवर होता. ही चूक मला फारशी टोचत नाही, कारण त्या कुटुंबाला हाकलते ते मुळात कर्ज आणि ट्रॅक्टर. यापेक्षा मोठी उणीव अशी की कॅलिफोर्नियाच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या राबणारे मेक्सिकन, फिलिपिनो आणि जपानी मजूर कादंबरीत एकोणिसाव्या प्रकरणातल्या काही वाक्यांपुरतेच येतात. गोऱ्या अमेरिकन कुटुंबाचे हाल पाहून देश हलेल हा हिशेब त्यात असावा, आणि तो खरा ठरला. तरी १९३५ च्या राष्ट्रीय कामगार कायद्याने संघटनेचा हक्क देताना शेतमजुरांना वगळले होते, आणि त्याची झळ या सगळ्यांनाच बसत होती. सनोरा बॅब ही लेखिका त्याच काळात त्याच छावण्यांत काम करत होती. तिची याच विषयावरची कादंबरी स्टाइनबेकचे पुस्तक गाजल्यामुळे प्रकाशकाने मागे ठेवली, आणि ती २००४ साली बाहेर आली. स्वतः तशाच भागात वाढलेल्या बाईने हे कसे लिहिले असते, हा तुमचा खरा प्रश्न असेल तर तिची ‘हूज नेम्स आर अननोन’ मिळवून वाचा.

‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’च्या शेवटच्या प्रसंगाबद्दल मी इथे मुद्दाम काही लिहीत नाही. तो बदलावा असे संपादक पास्कल कोविची यांनी छपाईआधी सुचवले होते आणि स्टाइनबेकने साफ नकार दिला होता, एवढेच सांगते. माझ्या वर्गात त्या पानावर दरवर्षी दोन तट पडत, आणि ते मुलगे आणि मुली असे कधीच पडत नसत. तुम्ही तिथवर पोहोचलात की तुमचे मत कळवा. माझे मत मी त्यानंतर सांगेन.